फुंकर

आई मेंढीचं फुप्फुस दोन सोलला विकायची,
बहुतेक कुत्र्यांसाठी.
खुलियाकाच्या बाजारात, पत्र्याखाली,
बटाटेवाल्या फोर्तुनाताला लागून आमचा गाळा.

मास्तर वेन्सेस्लाओ दर एप्रिलला येत.
"हृदयासकट दे, एउलोहिया. आणि नळी लांब ठेव."
आई पैसे घेत नसे.
मला मात्र वर्गात पहिल्या बाकावर जागा.

ते नळीत बोरूची कांडी खुपसत आणि फुंकत.
वर्तमानपत्रावर ओल्या फडक्यागत पडलेलं ते
गुलाबी, राखी, जडसं काहीतरी
उठायचं.
मागच्या बाकावरचा एलेउतेरियो किंचाळायचाच, दरवर्षी.

"आत झाड आहे, उलटं," मास्तर धापा टाकत सांगत,
"बुंधा वर, फांद्या खाली,
आणि पानांच्या जागी बुडबुडे.
त्यांची भिंत इतकी पातळ
की पलीकडून वाहणारं रक्त हवेला नुसतं खुणावतं
आणि हवा जाते."
आमच्या माळावर झाडं नव्हतीच फारशी.
आम्ही फळ्यावरच्या झाडावर भागवलं.

मग म्हणत, "हे फुंकणं खोटं हं.
खरं कुणी फुंकत नाही.
बरगड्यांखालचा पडदा खाली सरकतो, जागा होते,
हवा आपण होऊन येते."

हृदय ते सुरीने उघडत. उजवीकडे दमलेलं रक्त,
अंगभर हिंडून काळवंडलेलं;
त्याला फक्त शेजारी जायचंय, फुप्फुसापर्यंत.
डावीकडचं ताजं, लांबच्या वाटेचं,
पार पायाच्या अंगठ्यापर्यंत.
"म्हणून कोणती भिंत जाड?"
मी बोट घालून सांगितलं. डावी.
उजवी सैल होती, जुन्या मोज्यासारखी.
हे मी घरी आईलाही सांगितलं. ती आतडी धूत होती,
हूं म्हणाली.

बाबा वर, सोन्याच्या खाणीत.
जिथे हवा नुसती नावाला.
त्यांचे ओठ जांभळ्या मक्याच्या रंगाचे,
मला वाटायचं, बाप्यांचे ओठ असेच असतात.
नर्स देलमिराने समजावलं:
हवा कमी पडली की मूत्रपिंड हाडांना निरोप धाडतं,
हमाल वाढवा.
हाडं ऐकतात. ऐकतच राहतात.
हमाल वाढत जातात, बोळ तेवढाच.

दर दोन महिन्यांनी ती अर्धा लिटर काढून घ्यायची.
पिशवीत रक्त उतरायचं काकवीसारखं, रेंगाळत.
त्या आठवड्यात बाबा उभ्या उभ्या बुटांच्या नाड्या बांधत.
मग पुन्हा बसून.
रात्री झोपेत त्यांचा श्वास थांबायचा.
मी आकडे मोजायची. नऊ. दहा. अकरा.
आई अंधारात उठून त्यांच्या तोंडावर फुंकर मारायची,
आणि ते दचकून सुरू व्हायचे.

एका जूनमध्ये किनाऱ्यावरून चढवून आणलेली गाय
गळा सुजून मेली.
आईने ती चिरली. हृदय हातात घेतलं,
उजव्या कप्प्यात बोट घातलं.
बोट तिथेच राहिलं.
फोर्तुनाता काहीतरी विचारत होती.

त्या रात्री तिने बाबांचे खाणीतले बूट
मांसाच्या खोक्यात टाकले, वर मीठ ओतलं.
शनिवारी बाबा इलोच्या बसमध्ये. शिव्या देत.
मासळीच्या गोदामात काम, बर्फ फोडायचं.
आई आली नाही. गाळा कुणावर सोडणार?

महिन्याभराने फोन आला.
ओठ लाल झालेत म्हणाले, पोरी हसतात.
समुद्र आवडत नाही. फार आवाज करतो,
श्वास घेतल्यासारखा,
थांबतच नाही मेला.
पण इथे हवा आपण होऊन येते, एउलोहिया,
बोलवावी लागत नाही.

मी आता चौदा वर्षांनी विचारलं,
तुला झोप लागते का गं नीट?
म्हणाली, दोनला जाग येतेच.
सवयीने फुंकते.
मग उठलेच आहे तर
चूल.